अर्धी धावपट्टी वक्र, अर्धी सपाट

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, पुसद,
जि. यवतमाळ.

अर्जदार : फुलचंद हिरासिंग आडे, अध्यक्ष, तंटामुक्त गाव समिती, मौजे सावरटोक.

विषय : ग्रामपंचायत अभ्यासिकेत शेजारी शेजारी बसविलेल्या एक वक्र व एक सपाट अशा दोन पडद्यांपैकी कोणताही एक हलविण्याचा आदेश मिळणेबाबत, तसेच अर्जदाराचा ठरलेला सत्कार रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) आमच्या समितीने केलेला तडजोडनामा.
२) पाहणी पथकाचा अभिप्राय, "सामोपचाराचा आदर्श नमुना".

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, हा अर्ज वाचताना आपणांस हसू येण्याची शक्यता आहे. आल्यास अर्जदाराची हरकत नाही. गावाचे हसून झालेलेच आहे.

१. अर्जदाराची मुलगी कु. सुरभी ही वैमानिक प्रशिक्षणासाठी नागपूर येथे पुढील महिन्यात होणाऱ्या निवड चाचणीची तयारी करीत आहे. ही चाचणी खऱ्या विमानात नसून संगणकावर असते. पडद्यावर आभाळ, धावपट्टी आणि यंत्रांचे काटे दिसतात, हातात दांडा असतो, आणि उमेदवाराने विमान उडवून सुखरूप खाली उतरवून दाखवायचे असते. त्याचा सराव करता यावा म्हणून तिने ग्रामसभेत उभे राहून विनंती केली की, अभ्यासिकेतील संगणकाला एक मोठा पडदा मिळावा. तिने "एक" असे म्हटले होते. त्या वेळी त्याकडे कोणी लक्ष दिले नाही, अर्जदारानेही नाही.

२. पडदा देण्यास माजी सरपंच श्री. शंकरसिंग राठोड तयार झाले. ते तयार झाले म्हणून विद्यमान सरपंचबाईंचे यजमान श्री. संजय देवसरकर हेही तयार झाले. आमच्या गावात एकाने पाणपोई लावली की दुसऱ्याची तिच्या समोरच लागते, हे आपण दौऱ्यावर असताना पाहिलेच असेल. शंकरसिंग यांचे म्हणणे, पडदा वक्र हवा, कारण विमानात बसलेल्या माणसाला समोरचे दिसते तसे बाजूचेही दिसते, म्हणून पडदा डोळ्यांभोवती वळलेला असावा. संजय यांचे म्हणणे, पडदा सपाट हवा, कारण क्षितिज सरळ असते आणि काटेही सरळ वाचता आले पाहिजेत. अर्जदाराच्या अल्पमतीप्रमाणे दोघांचेही खरे होते. दोघांचेही खरे असले की तंटा जास्त चिघळतो, हा आमच्या समितीचा अनुभव आहे.

३. पुढच्या ग्रामसभेत नळयोजनेचा विषय बाजूला राहिला आणि पडद्यावर चर्चा झाली. पुसदच्या दुकानातून नमुन्यादाखल आणलेल्या वक्र पडद्याला गवंड्याची दोरी लावून पाहण्यात आली. गावातील ज्येष्ठ नागरिक बापूजी यांनी तो दोन्ही हातांनी दाबून सरळ होतो का, हे तपासले आणि सर्वांसमक्ष सांगितले, "हा तं पक्का वाकला आहे. कंपनीनं आपल्याले टाकाऊ माल धाडला." त्यावर शंकरसिंग यांनी जे उत्तर दिले ते शासकीय अर्जात लिहिण्याजोगे नाही. त्या दिवसापासून गावात "वाकडे" आणि "सपाट" असे दोन गट पडले. एका बारशाला सपाट गटाची मंडळी पाळण्याला हात लावून, न जेवताच परत गेली.

४. प्रकरण अर्जदाराच्या समितीपुढे आले. आमच्या समितीची रीत अशी की, वाद कशाचाही असो, निकालात दोघांनाही सारखे मिळाले पाहिजे आणि हरलो असे कोणालाही वाटता कामा नये. बांधाचा वाद असेल तर दगड मधोमध. सामाईक आंब्याचा वाद असेल तर एक साल याचे, एक साल त्याचे. या रितीने आम्ही पुष्कळ तंटे मिटवले आणि कोर्टाची पायरी कोणाला चढू दिली नाही. त्याच रितीने ठरवले की, डावीकडे शंकरसिंग यांचा वक्र पडदा, उजवीकडे संजय यांचा सपाट पडदा, आणि दोन्हींवर मिळून एकच विमान. दोन्ही पक्षांनी हात मिळवले, जिलेबी वाटली. उपस्थितांनी सह्या केल्या.

५. या बैठकीच्या वेळी मुलगी दारात उभी होती. तिला काही सांगायचे होते. ती अर्जदाराची मुलगी असल्याने तिचे ऐकले तर पक्षपात झाला असे लोक म्हणतील, म्हणून अर्जदाराने तिला हातानेच थांब म्हणून खूण केली आणि नंतर बाहेर जाण्यास सांगितले. ती गेली. आपल्या या निःपक्षपातीपणाचा अर्जदाराला फार अभिमान वाटला होता, आणि तो त्याने चार ठिकाणी बोलूनही दाखवला. साहेब, आज मला त्याच गोष्टीची सर्वांत जास्त लाज वाटते.

६. दोन पडद्यांची जोड नेमकी जिथे येते, तिथेच विमानासमोरची धावपट्टी येते. डावीकडची अर्धी पट्टी वळून अंगावर आल्यासारखी दिसते, उजवीकडची सरळ दूर जाते, आणि मध्ये दोन पडद्यांच्या काळ्या कडा. क्षितिजाला जोडापाशी पायरी पडते. एकटा वक्र असता तर नजर त्याला सरावली असती, एकटा सपाट असता तरी सरावली असती. अर्जदाराची पत्नी मोतीबाई हिने पहिल्याच दिवशी दारातून पाहून म्हटले, "एका जुवाले बैल अन् रेडा जुपला तुमी." अर्जदाराने तिला, तुला यातले कळत नाही, असे उत्तर दिले. तेही मागे घेत आहे.

७. त्यानंतर तंटामुक्त मोहिमेचे पाहणी पथक गावात आले. पाहुण्यांसमोर सुरभीने विमान नागपूरला उतरवून दाखवावे असे ठरले. गाव खिडक्यांना लोंबकळले होते. विमान खाली आले, जोडापाशी डगमगले, धावपट्टी सोडून गवतात गेले आणि आडवे झाले. ते सपाट पडद्यात आडवे झाले म्हणून वाकड्या गटाने टाळ्या वाजवल्या. संजय यांच्या माणसांनी ओरडून सांगितले की, "ते तिकूनच तिरपं होऊन आलतं!" मुलगी उठली, पाहुण्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "पडद्याचं काही नाही सर, माझाच हात चुकला." ती हे कोणासाठी बोलली, ते सभेत फक्त अर्जदाराला कळले. तरीही अर्जदार पहिल्या रांगेत बसून राहिला, आणि पथकाने समितीची पाठ थोपटली तेव्हा त्याने ती थोपटून घेतली. त्याच पाहणीवरून अर्जदाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला आहे.

८. एक पडदा बंद ठेवून सराव का करत नाही, असे आपण विचाराल. केला. तिने संगणकात सगळे चित्र एकाच पडद्यावर आणले आणि रिकाम्या सपाट पडद्यावर ओढणी टाकली, तर त्याच दिवशी संजय यांची दोन माणसे घरी आली, "आमच्या पडद्यानं काय घोडं मारलं?" असे विचारत. दुसऱ्या दिवशी तिने ओढणी वक्र पडद्यावर टाकली, तर शंकरसिंग स्वतः आले आणि चहा न घेता गेले. तेव्हापासून ती एक दिवस या पडद्यावर, एक दिवस त्या पडद्यावर ओढणी टाकून सराव करते. म्हणजे बापाची रीत तिनेही उचलली आहे. दर दिवशी नजर नव्याने बसवावी लागते आणि हात बसत नाही. चाचणी पुढील महिन्यावर आली आहे.

९. दोन्ही पडदे ग्रामपंचायतीच्या मालमत्तेत नोंदलेले असल्याने अर्जदारास ते हलविण्याचा अधिकार नाही. अधिकार असता तरी हिंमत नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. तरी आपल्या कार्यालयाने कोणताही एक पडदा शाळेत हलविण्याचा आदेश द्यावा. त्या आदेशात "वक्र" किंवा "सपाट" हे शब्द कृपया येऊ नयेत. "विजेच्या भारामुळे" असे कारण दिल्यास दोन्ही गट वीज मंडळाला बोल लावतील. त्याची त्यांना सवय आहे. परंतु तेही खोटेच होईल, आणि लोकांची मर्जी राखण्यासाठी केलेल्या लबाडीचा परिणाम अर्जदार रोज अभ्यासिकेत पाहत आहे. म्हणून कारणाच्या जागी, "अध्यक्षांनी जिला विचारायला हवे होते तिला विचारले नाही", असे लिहिण्यास अर्जदाराची संमती आहे. आदेश चावडीवर लागला तरी चालेल.

१०. सत्कार रद्द व्हावा. शाल अंगावर घेऊन त्याच मुलीसमोरून घरात शिरण्याचे बळ अर्जदारात नाही.

११. कोणता पडदा ठेवावा, हे लिहिण्यासाठी अर्जदाराने काल मुलीला विचारले. हा प्रश्न तिला प्रथमच विचारला गेला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कोनताबी चालला असता, बाबा. एकच पाह्यजे होता. मी दारातून तेच सांगून राह्यलती." मग तिने अर्जदारापुढे ताट वाढले.

तरी आपण तातडीने आदेश करावा. चाचणीआधी निदान काही दिवस तरी तिला अखंड धावपट्टी दिसावी, एवढेच मागणे आहे. निवड झाली नाही तर दोष तिच्या हाताचा नव्हता, हे कागदावर कोठेतरी असावे, म्हणून अर्ज इतका लांबला.

आपला नम्र, आणि घरात त्याहून नम्र,

(सही)
फुलचंद हिरासिंग आडे
मौजे सावरटोक, ता. पुसद
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

सहपत्रे :
१) दोन्ही पडद्यांचा फोटो, चालू स्थितीत. क्षितिजाची पायरी बाणाने दाखविली आहे.
२) पाहणी पथकाच्या अभिप्रायाची प्रत.
३) तडजोडनाम्याची प्रत. वाकड्या गटाच्या, सपाट गटाच्या व समितीच्या सर्व सह्या आहेत. मुलीच्या सहीसाठी तेव्हा जागा सोडली नव्हती. अर्जदाराने ती आता खाली पेनाने आखून घेतली आहे आणि कोरी ठेवली आहे.