दिवा लागला की हात जातोच

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबरेला मी सध्या कोणापुढेही वाकायची सक्ती करत नाही.)

तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यात वेळेवर थेंब घालतेस ना, की बाटली उशाशी ठेवून तिच्याकडे नुसती बघतेस? भावोजींना सांग, कानाचं यंत्र खिशात ठेवलं तर खिशाला ऐकू येतं, कानाला नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब थोडा चढलाय, पण तो आजारपणाचा नसून संतापाचा आहे, आणि त्या संतापाचं कारण पुढे येईलच.

रोज फोनवर बोलतो आपण, मग आज हिला एकदम पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. तर फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी मोडेमचं काढलं की तू गॅसवर दूध ठेवल्याचं काढतेस. कागद बिचारा मध्ये बोलत नाही. तेव्हा चष्मा लाव, दूध उतरवून ठेव आणि सगळं सलग वाच, कारण तुझ्या धाकट्या बहिणीने जे करून दाखवलंय ते आपल्या घराण्यात आजवर कोणी केलेलं नाही. (घराण्यात आजवर फारसं कोणी काहीच केलेलं नाही, हा मुद्दा वेगळा.)

पंप बनवणारी एक कंपनी आहे. तिथल्या इंजिनिअर मंडळींची इंग्रजी पत्रं परदेशी गिऱ्हाइकांकडे जाण्याआधी सुधारून देणारं माणूस त्यांना हवं आहे. मी नमुना पाहिला. पत्र वाचून गिऱ्हाइकाने पंप मागवावा की सांत्वनाला यावं, कळत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपिरियरने ज्या हातावर व्याकरणासाठी फूटपट्टी मारली तो हात अजून शाबूत आहे, तेव्हा मी अर्ज केला. काम घरबसल्या, कंप्युटरवर. त्याआधी परीक्षा, तीही कंप्युटरवरच, तासाभराची. अट एकच: तास संपेपर्यंत इंटरनेटची लाइन तुटता कामा नये. तुटली की लिहिलेलं सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा तीन संधी देतात, चौथी नाही.

मी टेबल पुसलं, सुनेने दिलेला जुना लॅपटॉप मांडला, आणि त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावर पाण्याचा पाइप टाकायला खणायला सुरुवात झाली. खणणाऱ्यांनी पाइपसाठी जागा केली आणि जाता जाता अख्ख्या बिल्डिंगची इंटरनेटची केबल उपटून बाहेर काढली. मी केबल कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे, आणि मला लगेच गाणं ऐकायला लावून निघून गेली. अक्का, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवला. बोर्डावर बसणाऱ्या मुलींची सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. माझ्या हाताखालच्या एखाद्या मुलीने असं माणूस लटकत ठेवलं असतं तर तिला मी घरी पाठवलं असतं. ती परत आली तेव्हा मी तिला फोनवर कसं बोलावं याचा एक छोटा पाठ दिला. तिने तो शांतपणे ऐकला आणि केबल पुढच्या महिन्यात बसेल असं सांगितलं. परीक्षेची मुदत या महिन्याची.

मग चिरंजीव आले. (चिरंजीव मला फोन करत नाहीत, मेसेज पाठवतात किंवा स्वतः येतात. मधला मार्ग त्यांना पटत नाही.) म्हणाला, "आई, आमच्याकडे ये, आमच्या नेटवर दे परीक्षा." इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाला, "आणि आलीच आहेस तर राहा ना कायमची. एकटीने काय काय सांभाळशील या वयात? मागची खोली रिकामीच आहे." ती खोली तू पाहिली आहेस. रिकामी म्हणजे तिच्यात व्यायामाची सायकल आहे, जिच्यावर ओले टॉवेल बसतात. आता टॉवेलांशेजारी मला वाळत घालायचा बेत. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, परीक्षा मी माझ्या घरातून, माझ्या टेबलावरून, माझ्या हिमतीवर देईन. तो म्हणाला, "आणि नाही जमलं तर?" मी म्हटलं, तर घराला कुलूप लावून येते तुझ्या त्या खोलीत. रागाच्या भरात कबूल केलं, पण कबूल केलं ते केलं. आपल्याकडे दिलेला शब्द फिरवत नाहीत. (वडिलांनी फिरवले होते, पण ते पुरुष होते.)

तो गेल्यावर टेबलाशी बसले आणि समोर फोन दिसला. माझा तो फोन तुला माहीत आहे. चिरंजीवांनी पहिल्या नोकरीत घेतलेला, विटेएवढा जाड, बारीक बटणांचा, कुशीत एक लेखणी खुपसलेला. त्या वेळी तो सगळ्यांना सांगत फिरायचा की हा नुसता फोन नाही, हातात मावणारा कंप्युटर आहे, माझं अख्खं ऑफिस आहे. पुढे काचेचे फोन आले आणि अख्खं ऑफिस भंगार ठरून माझ्याकडे आलं. मी ते आनंदाने वापरते, कारण बटण दाबलं की दाबल्यासारखं वाटतं. माझ्या मनात आलं, हा कंप्युटर असेल आणि टेलिफोनही असेल, तर लॅपटॉपला बाहेरच्या जगाशी जोडून द्यायला याला काय धाड भरली आहे? आम्ही बोर्डावर दुसरं काय करत होतो? एका भोकातली कॉर्ड दुसऱ्या भोकात घालून दोन माणसांना जोडतच होतो. त्यालाच आता मोडेम म्हणतात.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन उलटासुलटा केला, शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवला, दोघे मिळून हसले. म्हणाला, "मावशी, याची आता पूजाच करा." मी म्हटलं, "तू जन्मलास तेव्हा मी बोर्डावर बसून खंडाला खंड जोडत होते. फोन दे इकडे." आणि घरी आले.

पुढची हकिकत नीट वाच, यात मला शाबासकी हवी आहे. मुलाकडे नातीला भेटायच्या निमित्ताने गेले आणि त्याच्याच इंटरनेटवर शोधलं. (शत्रूच्या विहिरीतून पाणी भरण्याची मजा काही और.) जगात माझ्यासारखे हट्टी लोक बरेच आहेत, असं कळलं. फोनच्या पोटात मोडेमचं दार आधीपासून आहे, पण बनवणाऱ्यांनीच ते बंद करून ठेवलंय. एक छोटासा प्रोग्रॅम आत सोडला की ते उघडतं. तो प्रोग्रॅम मी लॅपटॉपवर उतरवून घरी आणला. फोन म्हणाला, जागा नाही. बघते तर चिरंजीवांचे जुने खेळ आत मुक्काम ठोकून. अख्खं ऑफिस म्हणे! खेळ हाकलले, प्रोग्रॅम बसवला, फोन बंद करून चालू केला, आणि तो कंपनीचं चिन्ह दाखवत तसाच गोठला. बॅटरी काढली, घातली, पुन्हा गोठला. तिसऱ्यांदा मी त्याला मदर सुपिरियरच्या आवाजात दरडावलं, आणि तो सुरू झाला. (बॅटरी या वेळी जास्त वेळ बाहेर ठेवली होती, हेही असेल.)

मग वायर. फोन आणि लॅपटॉप जोडणारी वायर टोकाशी उसवलेली. हलली की संबंध तुटायचा. दुसरी मिळत नाही, तशी वायर आता कोणी बनवत नाही. पण कॉर्ड टोकाशीच उसवते हे मला कोणी शिकवायला नको. एक्स्चेंजमध्ये ओढून ओढून आमच्या कॉर्डही तिथेच जायच्या, आणि मेकॅनिक येईपर्यंत आम्ही मुली त्या दोऱ्याने आवळून वर नखांचं पॉलिश लावून ठेवायचो. तेच केलं. गुलाबी पॉलिश, सुनेने दिलेलं, मी कधी न लावलेलं. वाळल्यावर वायर अशी ताठ झाली की जणू तिलाच नोकरी लागली आहे. फोन चालताना तापायचा, म्हणून त्याचं मागचं झाकण काढून तो डब्याच्या स्टीलच्या झाकणावर उताणा, म्हणजे बटणं वर, पाठ खाली, असा निजवला. मग लॅपटॉपला सांगितलं, लाव नंबर. आणि अक्का, लॅपटॉपने माझ्या फोनमधून स्वतः नंबर फिरवला! चांदणी, मग नवाचे आकडे, मग जाळीसारखी ती खूण. थोडा वेळ काहीच नाही. मग पडद्यावर आलं, जोडले गेले.

मी आयुष्यात मंत्री जोडले, व्यापारी जोडले, प्रसूतीची बातमी जोडली, भांडून वेगळे झालेले नवराबायको जोडले. पण कंप्युटरला जोडून दिल्यावर मला जेवढा ताठा चढला तेवढा तेव्हाही चढला नव्हता. मुलाला आणि सुनेला बोलावून दाखवलं. त्याने ती गुलाबी वायर बोटाने चाचपून पाहिली. "हे शक्यच नाही," म्हणाला. सूनबाई म्हणाल्या, "समोर चालू आहे ते, शक्य कसं नाही?" मुलगी गुणी आहे, हे मी याआधी तुला कधी सांगितलं नसेल तर आता सांगते. (तिला सांगू नकोस.) वेग कमी आहे, चित्रं लाजत लाजत खाली उतरतात, पण परीक्षेत चित्रं नाहीत, फक्त शब्द आहेत, आणि शब्दांना हा वेग पुष्कळ झाला.

आता संतापाचं कारण. या मोडेमला एकच खोड आहे. फोन आला की इंटरनेट अदबीने बाजूला उभं राहतं. आपण नाही उचलला आणि पलीकडच्याने नाद सोडला, तर ते परत कामाला लागतं. पण आपण उचललाच, तर लाइन तुटली. हे मला ठाऊक होतं. पहिल्या परीक्षेला आवाज बंद करून बसले. निम्मा पेपर झाला, एका इंजिनिअरचं अर्ध्या पानाचं वाक्य सोडवत होते, आणि फोनच्या डोक्यावरचा छोटा दिवा लुकलुकला. अक्का, आवाजाचं मला काही नाही. आमच्या बोर्डावर घंटी कधी नव्हतीच, दिवाच लागायचा. दिवा दिसला की हात कॉर्डवर गेलाच पाहिजे. मी स्वतः सुपरवायझर होऊन मुलींच्या पाठीमागे उभी राहून हेच म्हणत आले, की दिवा म्हणजे पलीकडे एक माणूस आहे. तोंडाने इंग्रजी वाक्य म्हणत होते तोवर हात गेला, फोन कानाला लागला आणि माझ्याच तोंडून ऐकलं, "नमस्कार, बोला." पेपर पुसला गेला. कोणाचा फोन होता ते लिहीत नाही. माणूस वयाने मोठं आहे.

दुसऱ्या खेपेला दिव्यावर औषधाची चिकटपट्टी लावली. दिवा दिसला नाही, पण पडदा उजळला. अख्खा पडदा! हात पुन्हा गेला. माणूस तेच होतं. फोन बंद ठेवावा तर मोडेमही बंद. चिरंजीवांनी तोडगा सुचवला, "आलेले फोन माझ्या फोनवर वळवून ठेव." म्हणजे, अक्का, तुझं बोलणं थेट त्याच्या कानात. गेल्या आठवड्यात तू त्याच्या वजनाबद्दल काय म्हणालीस ते आठव, आणि सांग वळवू का.

तर आता उरली एक संधी, या गुरुवारी दुपारी. ती गेली की ओले टॉवेल आणि मी. पण काळजीचं काही कारण नाही. यंत्र चोख आहे, वायर चोख आहे, व्याकरण तर आहेच. सगळं मी एकटीने उभं केलंय, एकटीने पार पाडणार आहे. मला कोणाची गरज नाही.

भावोजींना नमस्कार, आणि खिशालाही.

तुझी धाकटी,
(एके काळी शंभर दिव्यांची सुपरवायझर, सध्या एकाच दिव्याची)

ता. क. फोन करणारं ते माणूस तू आहेस. पहिल्या खेपेला तू विचारलंस, "काय गं, सुरू झालं का?" दुसऱ्या खेपेला म्हणालीस, "त्या दिवशी चिडून ठेवलास, म्हणून म्हटलं विचारावं." गुरुवारी दुपारी कृपा करून फोन करू नकोस. हे फोनवर न सांगता पत्रात लिहिते आहे, कारण फोनवर सांगितलं असतं तर तू हो म्हणून गुरुवारी दुपारी विचारायला फोन केला असतास, की आजच करायचा नाही ना?

ता. क. वरचं पुन्हा वाचलं. तू करशीलच. त्यापेक्षा बुधवारी इकडे ये. भावोजींनाही आण, त्यांच्या यंत्रासकट किंवा त्याशिवाय. गुरुवारी माझ्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून बस आणि दिवा लागलाच तर माझा हात घट्ट धरून ठेव, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचीस तसा. पण लागणार नाही. तू इथे बसलेली असलीस की मला फोन करणारं दुसरं आहे कोण?

ता. क. चिरंजीव विचारतील तर सांग, सहज आले होते. आणि पत्र मिळाल्याचं कळव. बुधवारच्या आत फोन केलास तरी चालेल. मी उचलीनच.