सहाव्या मजल्यावर मीटर

भांडुप, १४ सप्टेंबर

प्रिय दीप्ती,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. इथे सगळे ठीक आहोत. फोनवर आपलं काय होतं तुला माहीत आहे. मी ‘जेवलीस का’ विचारतो, तू ‘हो’ म्हणतेस, मी ‘ऑफिस कसं चाललंय’ विचारतो आणि तू काही बोलायच्या आत फोन आईच्या हातात देतो. या वेळी मला बरंच सांगायचं आहे आणि मध्येच फोन आईकडे द्यायची सोय नको आहे, म्हणून कागद घेतला. बंगळूरला पोचायला चार-पाच दिवस लागतील असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. तोवर घाईने काही करू नकोस, एवढं आईने तुला फोनवर सांगितलंच असेल.

आई बुधवारी तुझा फोन झाल्यावर स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “ती कसली तरी यादी बंद करतेय म्हणे. एवढी का रडत होती ते विचारा तुमच्या लेकीला.” आईला वाटतं यादी म्हणजे वाण्याची. मी तिला समजावून सांगितलं, जसं तू मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. एक खेळ आहे, बर्फाचे डोंगर, घोडे, दगडी गावं. तो खेळ ज्यांना आवडतो ते लोक घरी बसून त्यात आपापली भर घालतात, कोणी नवीन झाडं लावतं, कोणी घरं बांधतं. त्या भरीला मॉड म्हणतात. असे दोनशे चौदा मॉड आपल्या मुलीने निवडले, कुठला आधी चालू व्हायचा आणि कुठला नंतर हे ठरवलं, जिथे दोघांचं पटत नव्हतं तिथे स्वतः टाके घातले आणि ती सगळी जुळवणी, म्हणजेच ही यादी, लोकांना फुकट दिली. जगभरातले नऊशे लोक ती वापरतात. आई म्हणाली, “आणि पगार?” मी म्हटलं, पगार नाही. ती परत आत गेली. पण जाताना नऊशे हा आकडा तिने एकदा पुटपुटून बघितला, तो मी ऐकला.

मी रिटायर झालो त्याच महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीची लिफ्ट किती वेळा अडकते ते मोजत होतो. तेव्हा तू तुझा जुना कॉम्प्युटर माझ्यासमोर ठेवलास आणि म्हणालीस, “बाबा, तुम्हाला खेळायचं नाहीये. फक्त चालायचं. बंद पडलं की कुठे पडलं ते लिहायचं.” मी वही घातली. लिफ्टच्या मशीन रूममध्ये टांगलेली असते तशीच. तारीख, वेळ, जागा, काय चालू होतं, काय केलं. डॉक्टरांनी मला घरात वीस पावलं चालायला सांगितली होती. मी त्या बर्फात रोज दहा-दहा मैल चालत होतो. शेजारचे नाना एकदा डोकावले आणि म्हणाले, “काय चंदू, म्हातारपणी घोड्यावर? मुंडावळ्या कुठायत?” मी त्यांना सांगितलं, नाना, ड्यूटीवर आहे, नंतर या.

उत्तरेकडच्या गावाचा तो पूल आठवतो? पुलावर पाऊल ठेवलं की पडदा काळा. माझ्या वहीत ओळीने अकरा वेळा ‘पूल, बंद’ असंच लिहिलंय. तू एकेक मॉड काढून बघत होतीस. मी म्हटलं, अगं, दोनशे चौदा दारं एकेक उघडून बघत बसशील तर लग्नाचं वय जाईल. लिफ्टला बारा मजल्यांची बारा दारं असतात आणि त्यांच्या कुलपांची वायर एकच, माळेसारखी. एक दार नीट लागलं नाही की लिफ्ट जागची हलत नाही. मग मेकॅनिक बारा मजले पळत नाही. तो सहाव्यावर मीटर लावतो. खालचा अर्धा चांगला निघाला की दोष वरच्या अर्ध्यात. मग नवव्यावर. तू तसंच अर्धे मॉड बंद केलेस आणि खेळ पुलावरून गेला. उरलेले अर्धे एकटे चालवलेस, तरी गेला. तू माझ्याकडे बघितलंस, मला अजून तो चेहरा दिसतो. मी म्हटलं, म्हणजे दोष एकात नाही, दोघांत आहे. एक इकडे राहिलाय, एक तिकडे. संध्याकाळपर्यंत दोघे सापडले. एक पूल रुंद करत होता, दुसरा त्याच पुलावर कंदील लावत होता आणि दोघांना वाटत होतं पूल आपला आहे. तू दोघांमध्ये टाका घातलास. त्यानंतर मी पुलावरून घोडा चाळीस वेळा नेला, एकदाही अडकला नाही. वहीत ‘पूल, चालू’ असं लिहून मी खाली सही केली.

मग तू आभारांच्या पानावर मला घातलंस. ज्यांचे मॉड आहेत त्या सगळ्यांची नावं लिहायची तुमच्यात पद्धत आहे, परवानगी न घेता कोणाचं काम उचललं तर लोक तोंड बघत नाहीत, हे तू मला सांगितलं होतंस. मला ते फार आवडलं होतं. त्या नावांच्या शेवटी तू लिहिलंस, ‘दोष शोधण्याची रीत : माझे बाबा, चंद्रप्रकाश, लिफ्ट मेकॅनिक’. मी त्या पानाची स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. नानांना दाखवली. ती आता कपाटात तुझ्या दहावीच्या निकालाबरोबर आहे. या पानाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता या रविवारचं. नवीन आवृत्ती तपासताना तू प्रोग्रामचा एक छोटा तुकडा आत टाकला होतास, चूक आली तरी खेळाने ती दाबून पुढे जावं म्हणून, म्हणजे तुला पुढचा भाग तपासता येईल. आवृत्ती लोकांना देताना तो तुकडा काढायचा राहिला. लोकांना वाटलं काय झकास चालतोय, कुठे बंदच पडत नाही. आणि आतल्या आत चुका साठत गेल्या, लोक त्यावरच खेळ साठवून ठेवत राहिले. एकसष्ट जणांचा महिनोन्‌महिन्यांचा खेळ वाया गेला. हे अजून कोणाला कळलं नव्हतं. तुला आधी कळलं. सकाळी सहाला तू ती आवृत्ती काढून टाकलीस, जुनी परत लावलीस आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलंस की चूक कुठल्याही मॉडची नाही, चूक माझी आहे, तपासणीचा तुकडा माझ्याकडून आत राहिला. मग एकसष्ट जणांना एकसष्ट उत्तरं. मी सगळी वाचली, डिक्शनरी घेऊन. कोणी तरी लिहिलं की बायकांनी भांडी घासावीत. त्यालाही तू त्याचा खेळ जेवढा वाचवता येईल तेवढा कसा वाचवायचा ते नीट सांगितलंस.

तू आईला म्हणालीस, बाबांना काय वाटलं असेल, त्यांनी शिकवलेलं सगळं मातीत घातलं. मला काय वाटलं ते सांगायला हे पत्र आहे, पण त्याच्या आधी मला एक गोष्ट लिहावी लागेल. ती आईलाही माहीत नव्हती. काल संध्याकाळी तिला सांगितली.

गिरणी बंद पडल्यावर मी लिफ्टच्या कामाला लागलो तेव्हा भाऊरावांचा हेल्पर होतो. भाऊराव मालवणचे, खात्यातले सगळ्यात जुने मेकॅनिक. तपासणी करताना दरवाजाचं कुलूप वगळून लिफ्ट चालवायची असेल तर मशीन रूममध्ये लाल वायरीचा तुकडा जोडतात. प्रत्येकाकडे दोन तुकडे. जाताना दोन मोजून वरच्या खिशात, दिसतील असे. हा भाऊरावांचा नियम. पंचवीस वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका इमारतीत काम आटपून मी घरी आलो, शर्ट काढला आणि खिशात एकच वायर. तुझ्या जन्माला दोन महिने होते. मी कायम व्हायला तीन आठवडे होते. मी स्वतःला म्हटलं, दुसरी भाऊरावांकडे गेली असेल. त्याच सुमाराला तिसऱ्या मजल्यावर दार उघडं असताना लिफ्ट सुटली. एक बाई आत पाय टाकणार होत्या, त्यांची भाजीची पिशवी चिरडली. त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी मशीन रूममध्ये जोडलेली राहिलेली लाल वायर दाखवून साहेबांनी विचारलं, ही कोणाची? मी जमिनीकडे बघत होतो. भाऊराव म्हणाले, “माझी.” त्या वर्षी ते सुपरवायझर व्हायचे होते. त्यांना दोन वर्षं स्टोअरमध्ये बसवलं आणि मग ते मेकॅनिक म्हणूनच रिटायर झाले. मी कायम झालो. मी त्यांना कधी काही विचारलं नाही, त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

तू चोवीस वर्षांची आहेस. कोणी विचारलं नव्हतं, कोणी पकडलं नव्हतं, आणि सकाळी सहाला तू लिहिलंस, चूक माझी. मी ती ओळ कितीदा वाचली ते सांगत नाही. दीप्ती, तू काही मातीत घातलेलं नाहीस. मी जे करू शकलो नाही ते माझ्या मुलीने केलं. या घरात याहून मोठं काही झालेलं मला आठवत नाही, आणि तुझा दहावीचा निकाल मी जमेस धरला आहे.

काल सकाळी मी गोवंडीला गेलो. भाऊराव आता मुलाकडे असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मेल्या, माका त्याच दिवशी म्हायत होता. माझ्यो दोनय वायरी माझ्या खिशात होत्यो. पण सांगूक पंचवीस वर्सां?” मग सुनेला चहा टाकायला सांगितला. आज कशी आठवण झाली म्हणाले, तेव्हा मी तुझं सांगितलं, मोबाइलवर तुझी ती सूचना मराठी करून वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. म्हणाले, “पोरीक सांग, दुकान बंद करू नको. जो मोजूक इसारलो आणि कबूल झालो, तो परत इसरत नाय.” म्हणून हे पत्र. यादी बंद करू नकोस. पुढच्या आवृत्तीला मी पुन्हा चालेन, गुडघा आता चांगला आहे. आणि ते आभारांचं पान दुरुस्त कर. सहाव्या मजल्यावर मीटर लावायची रीत माझी नाही, मी ती भाऊरावांकडून उचलली आणि नाव कुठेच लिहिलं नाही. माझं नाव काढ, तिथे लिही : भाऊराव, लिफ्ट मेकॅनिक, गोवंडी. परवानगी मी काल घेतली आहे. नवीन पानाच्या दोन प्रिंट काढणार आहे, एक त्यांना नेऊन द्यायला.

तुझाच,
बाबा