केवलराम गुरुजींचं कस्तूर संरक्षण केंद्र

९ जून, सकाळी ६.१०
देवरीत तीस वर्षं भूगोल शिकवला. रिटायर झालो. आज निसर्गाने नवी नेमणूक दिली. घरामागच्या वाडीत, आंब्याखाली, एक पक्षी पालापाचोळा उलटवून किडे टिपत होता. डोकं-पोट नारिंगी, पाठ निळसर, गालावर दोन काळे पट्टे. पुस्तकात पाहिलं : नारिंगी डोक्याचा कस्तूर. उरलेलं आयुष्य त्यालाच अर्पण! सौ. सावित्रीबाईंना तसं सांगितलं. म्हणाली, "आंघोळ करून अर्पण करा."

११ जून
बोर्ड रंगवून आणला. 'कस्तूर संरक्षण केंद्र. संस्थापक : केवलराम गुरुजी.' माझं नाव कस्तुरापेक्षा मोठं आलंय. पेंटरची चूक. दुरुस्त करायला लावलं नाही, उगाच त्याचं मन दुखायचं.

१२ जून
एवढ्या घाणीत पाहुणा राहणार कसा? सगळा पाला झाडला, करवंदाची झुडपं छाटली, ढीग कुंपणापलीकडे उदारामच्या वाडीत लोटला. त्याची वाडी तशीही जंगलच. सौ. म्हणाली, "तो पाल्यातलंच खाते न? मंग झाडून कायले राहिले?" शास्त्रीय दृष्टी सर्वांनाच नसते.

१३ जून
कस्तूर आला नाही. संकोचला असेल.

१७ जून
मोबाईलवरून कस्तुराची शीळ स्पीकरवर लावली. तीन तास. बँडवाला ओमेश येऊन विचारून गेला, लग्न कोणाचं आहे.

२२ जून
उदाराम सांगत आला, "गुरुजी, तुमचं पाखरू माह्या वाडीत खोपा बांधून राहिलं." म्हणजे केंद्राची पहिली शाखा निघाली!

१४ जुलै, दुपारी
पाहणीसाठी वनरक्षक नीतू मॅडमना बोलावलं. अकरा पानी भाषण तयार होतं. मॅडमनी माझी चकचकीत वाडी पाहिली. "इथं पाला नाही, ओल नाही, आडोसा नाही. तो काऊन येईल?" पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत, उदारामकडे गेल्या. ओला पाला, करवंदाच्या काटक्या, वर फांदीच्या बेचक्यात तीन पिल्लं. मॅडमनी विचारलं, काय काय केलं? उदाराम घाबरला. "काईच नाही केलं जी." मॅडमनी त्याचा हात हातात घेतला. फोटो काढला. फोटोत कोपऱ्यात माझं कोपर आहे.

१५ जुलै
भाषण कोणी मागितलं नाही. सौ.ला तीन पानं वाचून दाखवली. झोपली.

२५ जुलै, सकाळी
पिल्लं आज उडणार म्हणून उदारामने बोलावलं. अट एकच : बोलायचं नाही. चिखलात उकिडवा बसलो. एक पिल्लू खाली उतरलं, धडपडलं, माझ्या चपलेजवळचं पान उलटवून पाहिलं. किडा मिळाला. मला कोणी पाहिलंसुद्धा नाही. तासभर मी एक शब्द बोललो नाही, काही केलं नाही.
घरी आलो तर सौ.ने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.