माशीच्या जागी माशी

२ मार्च. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठ्या उद्योजकांची चरित्रं पुढे कोणीतरी लिहितं, तेव्हा साहित्य हाताशी असलेलं बरं.

बातमी अशी. खाणीच्या कंपनीने जाहीर केलंय की या वर्षापासून लहानसहान पार्ट आसपासच्या वर्कशॉपकडूनच घेणार. शिवाय त्यांचा 'विकास' करणार. आसपासचं वर्कशॉप म्हणजे मीच. आणखी एक आहे, पण तो नुसता गेट-ग्रिलवाला. सध्या मीही गेट-ग्रिलच करतो, पण माझी दृष्टी वेगळी आहे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं, मग दादाला काय कळवू?

दादा म्हणजे माझा मेव्हणा. टायरचा धंदा. आमची शेड सासूबाईंच्या जागेवर आहे आणि मेव्हण्याला ती टायर ठेवायला हवी आहे. त्याच्या मते मी शटर ओढावं आणि त्याच्या काउंटरवर बसावं. म्हणजे आबांचा लेथ भंगारात आणि मी टायरच्या वासात. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या लेथवर जन्म काढला. मी हिला ठणकावून सांगितलं की जूनअखेरपर्यंत कंपनीचा सप्लायर झालो नाही तर शेड तुझ्या दादाची. शब्द दिला. द्यायला माझं काय जातंय? काम मार्चमध्येच होणार आहे.

९ मार्च.

कंपनीच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन. पासवर्ड सात वेळा नाकारला. आठव्यांदा मेव्हण्याबद्दल मनात आलेला शब्द टाकला, तो चालला.

पुढे घोडं अडलं. किमान पाच कर्मचारी हवेत. आम्ही दोघं. मी आणि लेथ चालवणारा टर्नर. मग हिला एच. आर. प्रमुख केलं, सासूबाईंना क्वालिटी आणि मेव्हण्याला ट्रान्सपोर्ट. त्याला सांगितलेलं नाही. प्रत्येक गोष्ट कर्मचाऱ्यांना सांगत बसलं तर कंपनी चालत नाही.

रात्री जेवताना हिने विचारलं की एच. आर. प्रमुखाला रविवारी स्वयंपाकाची सुट्टी असते का. दुर्लक्ष केलं.

१७ मार्च.

कंपनीच्या मॅडम शेड बघायला आल्या. लहान सप्लायरांचा विकास हेच त्यांचं खातं, म्हणून आम्ही त्यांना विकास मॅडम म्हणतो. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, बूट मात्र पोलादी टोकाचे. त्यांनी विचारलं, आग लागली तर सगळ्यांनी जमायची जागा कुठली? मी म्हटलं, सगळे म्हणजे टर्नर आणि मी, आम्ही रस्त्यावर भेटू. ते चालत नाही. बोर्ड लागतो.

दुपारी बोर्ड रंगवून शेजाऱ्याच्या स्कूटरमागे लावला. तालीमही घेतली. शिट्टी वाजवल्यावर टर्नर बोर्डापर्यंत आला आणि तसाच पुढे चहाला गेला. शिस्त म्हणून नाही!

जाताना मॅडम लेथवर हात ठेवून म्हणाल्या, मशीन छान राखलंय. हिला सांगितलं तर म्हणते, मशीनला म्हणाल्या, तुम्हाला नाही. या घरात कौतुकाला वाव नाही.

४ एप्रिल.

पहिली ट्रायल ऑर्डर! दगड वाहणारा पट्टा ज्या रोलरवरून फिरतो, त्या रोलरच्या ब्रॅकेटची. नमुना बघून हसू आलं. पत्रा अगदीच बेताचा. मी आपणहून दुप्पट जाड पत्रा घातला. मागतील तेवढंच देणारे खूप असतात. आपण दोन पावलं पुढे.

२१ एप्रिल.

ब्रॅकेट परत आले. जाड झाल्यामुळे जागेवर बसेनात.

खरं तर त्यांनी जागा रुंद करायला हवी होती. नाचता येईना, अंगण वाकडं. मॅडमना फोनवर हे नम्रपणे सुचवलं. त्या मग म्हणाल्या, ट्रेनिंगला या.

२४ एप्रिल.

ट्रेनिंग. पहिला तास प्रोजेक्टर चालू करण्यात गेला, दुसरा कंपनीचं आमच्यावर किती प्रेम आहे यात. मग मॅडमनी कामाच्या दोन गोष्टी सांगितल्या. एक, माल हुबेहूब नमुन्यासारखा हवा, डोकं चालवू नका. दोन, शंका आली तर विचारा.

पहिली गोष्ट लगेच पटली. डोकं चालवल्यामुळेच माझं नुकसान होतं, हे लहानपणापासून पाहतोय. दुसरी इतरांसाठी असावी. प्रश्नांच्या वेळी ग्रिलवाला सारखा हात वर करत होता. हे काय, ते कशाला, कोणत्या बाजूने. चारचौघांत अडाणीपणा दाखवायची हौस. मी एकही प्रश्न विचारला नाही. मॅडमच्या नजरेत ते आलं असणार.

संकल्प: यापुढे मक्षिकास्थाने मक्षिका. जुन्या पानाची नक्कल करताना माशी चिकटलेली दिसली, तर त्या जागी माशी मारून चिकटवायची. शाळेत मास्तर माझ्या वहीकडे बघून हेच म्हणायचे. कौतुकानेच म्हणत असावेत.

६ मे.

शेवटची संधी, असं मॅडम म्हणाल्या. बोलण्याची पद्धत असते एकेकाची.

या वेळी पिन. खोदणाऱ्या मशीनची बकेट जिच्यावर हलते ती पिन. मनगटापेक्षा जाड, हातभर लांब. ड्रॉइंग परदेशी कंपनीकडे अडकलंय, म्हणून मशीनमधली पिनच नमुना म्हणून दिली. स्टोअरकीपरने ती पोत्यात टाकून हातात दिली. काही विचारायचंय का, म्हणाला. मी नुसता हसलो.

घरी येऊन पोतं उघडलं आणि थक्क झालो. डिझाइन म्हणतात ते याला! दोन्ही टोकांना सरळ आणि मधे एका बाजूने अलगद बारीक होत गेलेली कंबर. कंबरेवर आडवे बारीक ओरखडे. बहुतेक ग्रीस धरून ठेवायला. आपल्या माणसाला हे सुचलंच नसतं.

७ मे.

ही टेबल पुसताना पिन उचलून म्हणाली, अहो, ही झिजलीय वाटतं. आपला पाटा-वरवंटा मधे झिजतो ना, तशी.

मला तिची कीव आली. शांतपणे समजावलं की हे मायनिंग आहे, वरवंटा नाही. ही म्हणाली, एकदा मॅडमना विचारून घ्या, फोनला काय होतंय. मी म्हटलं, फोन करून आपलं अज्ञान कळवू? आता जूनअखेर तोंडावर असताना? तिने पिन ठेवली जरा जोरात.

१९ मे.

वीस पिना करायच्यात. टोकं पटकन होतात. कंबर जीव घेते. लेथवर वस्तू फिरते, त्यामुळे सगळीकडून सारखी कापली जाते. इथे एकाच बाजूने बारीक हवी. टर्नर म्हणाला, साहेब, असं कोण करतं? मी म्हटलं, परदेशी लोक. तो म्हणाला, तुम्ही मालक. आणि शेजारच्या चहाच्या दुकानातून विडी मागून आणायला गेला.

शेवटी पिन मुद्दाम तिरपी धरून कापली. टूल मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं. लेथ असा ओरडत होता की सासूबाई बघायला आल्या.

२ जून.

हातात गोळे आलेत. कंबर जमली, पण ओरखडे बाकी. मशीनने होत नाहीत. कानशीने एकेक हाताने मारतो. नमुन्यावर तिसरा ओरखडा जरा वाकडा आहे. प्रत्येक पिनेवर तिसरा वाकडा मारला. आबा असते तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

मेव्हणा टेप घेऊन शेड मोजायला आला होता. मी मान वळवली नाही. कानस चालूच ठेवली.

१३ जून.

वीस पिना पोचवल्या. स्टोअरकीपरने एक माझी आणि एक त्यांची शेजारी ठेवली. वळून चहा घेतला आणि परत बघितलं तर त्याला माझी कोणती तेच कळेना! शेवटी धूळ बघून ओळखलं.

येताना हिच्यासाठी एच. आर. प्रमुख अशी पाटी करून आणली. हिने विचारलं, ऑर्डर पक्की झाली? म्हटलं, पाटी बघ आधी.

२४ जून.

मॅडमचा फोन. परवा मीटिंगला या, मेंटेनन्सचे इंजिनिअरही येणार आहेत. कायमच्या कराराशिवाय इंजिनिअर कशाला येतील? नवा शर्ट इस्त्रीला दिला.

२६ जून.

टेबलावर दोन पिना. इंजिनिअर म्हणाले, वीस वर्षं झाली मला या लायनीत, इतकी तंतोतंत नक्कल पाहिली नाही. मी उभं राहून आभार मानले.

पुढे म्हणाले की बकेट खडखडत होती म्हणून जुनी पिन काढली आणि माझी बसवली. बकेट तशीच खडखडत राहिली. अगदी तशीच. मग त्यांनी अख्खी पाळी दुसरीकडे दोष शोधला. शेवटी माझी पिन काढून जुनीशेजारी ठेवली, तर जुनी कोणती तेच कळेना.

मी म्हटलं, मीही तेच ऐकतोय सगळीकडून.

तेव्हा मॅडम फार हळू आवाजात म्हणाल्या, काका, ती झिजलेली पिन होती.

खोलीत पंख्याचा आवाज बराच मोठा आहे. ते काम करून घ्यायला हवं त्यांनी.

रात्री.

चूक स्टोअरकीपरची. झिजलेली आहे तर तोंडाने सांगावं. चूक परदेशी कंपनीची, ड्रॉइंग द्यायला काय होतं? चूक टर्नरची, एवढं जमवायला नको होतं. हिला अजून काही सांगितलेलं नाही. तिने विचारलंही नाही. पुढ्यात ताट ठेवलं आणि जवळ बसून राहिली. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३० जून.

मॅडमनी सकाळी नवीन सप्लायरांच्या ट्रेनिंगला बोलावलं. सगळ्यांना दाखवायला त्यांना माझी एक पिन हवी होती. बाकीच्या एकोणीस परत. मला वाटलं पिनेबरोबर माझाही परिचय करून देतील. पिनेचाच दिला. आता प्रत्येक नमुन्यावर 'झिजलेला' किंवा 'नवा' अशी चिठ्ठी बांधायची, असा कंपनीने नियम केलाय. ग्रिलवाल्याला आज पिनांचं काम मिळालं. हसला नाही, हे त्याचे उपकार.

शेवटी मॅडम म्हणाल्या, कोणाला काही विचारायचंय? मी हात वर केला. सगळे मागे वळले. मी म्हटलं, मॅडम, नवी पिन कशी असते, बघू?

त्यांनी कपाटातून काढून दिली. सरळ होती. कंबर नाही, ओरखडे नाहीत, काही नाही. नुसती सरळ, गोल दांडी. आबांच्या लेथवर टर्नरने चहा गार व्हायच्या आत केली असती.

घरी आलो तेव्हा टेम्पोतून टायर उतरत होते. मेव्हण्याने विचारलं, लेथ कुठे हलवू? टर्नर म्हणाला, ग्रिलवाला बघायला येणार आहे, त्याला हवाय. मी म्हटलं, त्याला सांग, मशीन छान राखलंय.

उद्यापासून काउंटर. ही म्हणाली, गिऱ्हाईक आलं की आधी विचारा, टायर नवा हवा की जुना. म्हटलं, विचारीन.