वाढ्याच्या सावलीत

पुणे, मंगळवार

प्रिय सुकन्या,

फोन केला की अजिनाथ भावजी स्पीकर लावतात आणि तुमची अख्खी ऊसतोडीची टोळी ऐकते, म्हणून उद्या देवळालीला निघालेल्या कडूबाई आत्यांच्या हाती हे पत्र देते आहे. एकटीच वाच. आधी समर्थला मांडीवर घे, मग पुढचं वाच.

माझ्या नोकरीला तू 'चौकोन काढायची नोकरी' म्हणतेस, ते काही खोटं नाही. ड्रोननं वरून काढलेले व्हिडिओ आमच्याकडे येतात. त्यातली बैलगाडी, ट्रॅक्टर, चालणारा माणूस, वाकलेला माणूस हे सगळं संगणक आपलं आपण ओळखतो आणि भोवती चौकोन काढतो. चूक की बरोबर, तेवढं आम्ही पाहायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कोण कौतुक वाटलं होतं! आता त्याच्या चुकाच आधी दिसतात. डोक्यावर मोळी घेतलेली बाई त्याला वरून बाई वाटतच नाही, पाचटाचा ढीग वाटते. हे मी साहेबांना दाखवलं. साहेब वाईट नाहीत गं. खुर्ची ओढून त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, हळूहळू शिकेल.

पण ते शिकेपर्यंत काय? यंदा ऊसतोडणीचं मशीन याच्याच भरवशावर फडात शिरणार आहे. ऊस उंच, ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही. ड्रोन वरून पाहणार, माणूस नाही असं संगणक सांगणार, की मशीन चालू. मागं हे सांगितलं तेव्हा तू हसलीस. "ताई, तू लई भित्री हायेस. मशीन काय आमच्या अंगावर येतंय व्हय?" भित्री तर भित्री! आईनं आपल्याला फडातच वाढवलं. सरीत गोधडी, वर उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं पसरून सावली, म्हणजे ऊन लागत नाही की माशा बसत नाहीत. तूही तेच करतेस. त्यात तुझं काही चुकत नाही, आपल्याकडच्या सगळ्याच जणी करतात.

आज तुमच्या फडाचा व्हिडिओ माझ्याकडे आला. चालण्यावरून मी तुला लगेच ओळखलं. तू समर्थला सरीत निजवलंस, वर वाढं ओढलंस आणि कोयता घेऊन लांब गेलीस. तुझ्याभोवती चौकोन आला, बैलांभोवती आला. वाढ्याभोवती आला नाही. मी हातानं काढला, पण आमच्या दुरुस्त्या पुढच्या हंगामाला लागू होणार आणि मशीन तुमच्याकडे सोमवारी येतंय. खाडा पडला तर पडू दे, मुकादम ओरडला तर ओरडू दे, पण लेकराला खाली ठेवू नकोस. तू लांब गेल्यावर त्या सरीवर संगणकानं लिहिलं होतं : इथं कोणी नाही.

तुझीच,
आरतीताई