माळाईची खोळ

३ जानेवारी, शनिवार

नव्या पुस्तकांचा गठ्ठा आज पुन्हा आला. इतिहास, धर्म, संस्कृती. जानेवारीत व्याख्यानमाला सुरू झाल्या की या तिघांना ऊत येतो! बहुतेक मुखपृष्ठांवर तलवारी. आत मात्र धार कुठेच नाही. एका महाशयांनी दुसऱ्याची आख्खी प्रकरणं उचललीत, छपाईच्या चुकांसकट. आणि यांच्या प्रकाशनाला मी यायचं, चकचकीत कागद सोडायचा, पुस्तक छातीशी धरून फोटो काढायचा आणि मागच्या पानावरच्या चार ओळींवर अर्धा तास बोलायचं. आपल्याकडे हीच रीत पडली आहे. मी पाळणार नाही. न वाचता बोलायचं असेल तर निवडणुका आहेतच की.

एकच पुस्तक दुपारी जेवताना हातात घेतलं ते दिवे लागले तरी सुटेना. 'शेंदराखालची माणसं'. लेखक भरतेश, माझा जुना विद्यार्थी. वर्गात नाव पुकारलं तरी दचकणारा मुलगा! वडिलांचं सांगलीला हळदीचं दुकान. हा मात्र शाळेत इतिहास शिकवतो आणि सुट्टीत पलूसपासून जतपर्यंत माळावरचे, वेशीवरचे जुने दगड बघत हिंडतो. लोक ज्यांना देव म्हणून शेंदूर फासतात ते दगड मुळात कुणाच्या आठवणीत उभे केले होते, हा त्याचा शोध.

सातवं प्रकरण उघडलं आणि ताठ बसले. आमच्या गावची देवी, माळाई!

५ जानेवारी, सोमवार

सातवं प्रकरण पुन्हा वाचलं. मुद्दा साधा आहे. माळाईच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराची जाड खोळ आहे. फक्त वरचं टोक उघडं. तिथे तिहेरी छत्राखाली मांडी घालून बसलेली छोटी मूर्ती दिसते. लहानपणापासून मी ती पाहिली. कधी विचारलं नाही कोण ते. भरतेश म्हणतो, हा जिन, तीर्थंकर. म्हणजे दगड जैनांचा. व्रत घेऊन, अन्नपाणी सोडून देह ठेवलेल्या एखाद्या साध्वीच्या आठवणीचा असावा.

आणि पुरावा काय देतो? आमचीच जत्रा! आजूबाजूच्या सगळ्या देवींना बोकड पडतो, माळाईला पडत नाही. जत्रेदिवशी सगळं गाव दिवस मावळायच्या आत जेवतं. जैनांचा हा रोजचा नियम. आमच्यात का आला, कुणी सांगू शकत नाही. आई आम्हाला उजेडातच ताटावर बसवायची. "आज उशिरा जेवलं की माळाईला चालत न्हाई," एवढंच म्हणायची.

अठरा तारखेला सांगलीत प्रकाशन. प्रमुख पाहुणी मी. हो म्हटलं!

६ जानेवारी, मंगळवार

सकाळीच कृष्णातचा फोन. धाकटा भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन आलेला, गावात ऊस करतो आणि माळाईच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष आहे.

"आक्का, त्या पुस्तकात काय लिवलंय म्हाईत हाय का तुला? माळाईचा शेंदूर खरवडून काढा म्हणून लिवलंय."

"तू वाचलंस?"

"वाचायला कशाला पायजे? समद्या गावाला म्हाईत हाय."

असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हटलं. ऐकतो कसला!

"आमी पलटणीत जाताना तिच्यापुढं टाचा जुळवून सलाम ठोकतोय. साध्वीला सलाम ठोकतंय व्हय कोण?"

"मग देवीला तरी कोण ठोकतंय रं?"

मग म्हणाला, "त्या स्टेजवर चढलीस तर औंदा जत्रंला येऊ नकोस." ठेवला फोन.

चढणारच!

९ जानेवारी, शुक्रवार

सांगलीचं सभागृह गेलं. "रंगकाम काढलंय" म्हणे. आमंत्रणपत्रिका वाटून झाल्यावर बरं रंग आठवला!

भरतेशचा फोन. आवाज पार आत गेलेला. "बाई, सातवं प्रकरण काढू का? ब्लेडनं नीट निघतंय. एका प्रतीवर करून बघितलं."

अंगाची आग झाली. म्हटलं, "ब्लेड खाली ठेव आधी. मी येते."

११ जानेवारी, रविवार

सांगलीला जाऊन आले. भरतेशचे वडील मदनकाका दारातच म्हणाले, "ताई, तुमचं काय, तुमी बोलून साताऱ्याला जाता. मला जलमभर तुमच्याच गावची हळद घ्यायची हाय."

खरं बोलले. ती बॅग भरून निघून जाणारी बाई मीच की!

तेवढ्यात आतून चंदनबालाकाकू बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. "आवं, हळदीत कवा भेसळ केली न्हाई म्हणून बाजारभर छाती काढून हिंडता. मग पोराच्या पुस्तकात कशाला करायला लावताय?"

"ही भेसळ हाय व्हय?"

"हाय ते काढून टाकणं म्हंजे निम्मी भेसळच की!"

मदनकाकांनी पाणी मागितलं. सावकाश प्यायले. भांडं खाली ठेवून कुणाकडेच न बघता म्हणाले, "वखार मोकळी हाय. नवी हळद यायला अजून येळ हाय. खुर्च्या मांडा तिथं."

भरतेश रडायलाच आला. मी नाही. मी पुढच्या रविवारची गर्दी मोजत होते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ सगळीकडून आला. गावाकडून नाही.

१८ जानेवारी, रविवार

झालं! हळदीच्या वखारीत पुस्तक प्रकाशन. असं आधी कुणी केलं असेल तर मला माहीत नाही. जमिनीत मुरलेली हळद पायांनी उधळली आणि पहिलं भाषण निम्मं शिंकांतच गेलं. माझी पांढरी साडी काठापासून पिवळी. पण माणसं दारापर्यंत भरलेली!

बोलायला उभी राहिले आणि मागे, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा कृष्णात दिसला. खुर्ची दिली होती त्याला कुणीतरी; बसला नव्हता.

मग मला काही आवरलं नाही. इतिहास गल्लीच्या सोयीने वाकवणाऱ्यांना झोडलं. न वाचता बंदी मागणाऱ्यांना झोडलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही विचारता, माळाई साध्वी कशी? मी सांगते — होय, ती साध्वीच आहे! तुमची आई बोकड घेत नाही, अंधारात जेवत नाही. तिचं नाव तुम्ही विसरलात, तिचा नियम विसरला नाहीत!" वखार दणाणली. टाळ्या थांबेनात.

कृष्णात टेबलाशी आला. एक प्रत घेतली, पिशवीत घातली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

नंतर भरतेश हळूच म्हणाला, "बाई, मी एवढं ठाम नाही लिहिलंय हो."

"अरे, पुस्तकात आणि भाषणात फरक असतो," म्हटलं.

२० जानेवारी, मंगळवार

'साध्वीच आहे' हा तुकडा सगळ्या मोबाईलवर फिरतोय. फोन थांबत नाहीत. कोल्हापूरहून दोन, पुण्याहून एक निमंत्रण. पुस्तकाची पहिली आवृत्ती संपत आली. याला म्हणतात शब्दाची ताकद!

२२ जानेवारी, गुरुवार

गाव दोन झालं आहे. पोरांचे दोन गट, भिंतींवर दोन घोषणा — 'आमची आई' आणि 'आमची साध्वी'. दोन्हीकडच्या कुणीही पुस्तक उघडलेलं नाही. माझा तुकडा मात्र सगळ्यांना पाठ. कुणीतरी पटाशी घेऊन माळावर गेलं होतं, खोळ फोडून एकदाचा निकाल लावायला. गुंडा गुरवाने पाहिलं म्हणून वाचली. पूजा त्याच्या घराकडे. आता तो तिथेच घोंगडं टाकून बसलाय.

भरतेशला फाट्यावर अडवलं. मारलं नाही. हातातलं पुस्तक घेऊन पाटाच्या पाण्यात सोडून दिलं. "बरं झालं, पाटानं पुस्तक पुढच्या गावाला तरी पोचेल," म्हणाला फोनवर. हसायचा प्रयत्न करत होता.

मी जाणार. चौकात उभी राहून बोलणार. बघू कोण अडवतो!

२४ जानेवारी, शनिवार

जायच्या आधीच कृष्णात साताऱ्याला आला. न सांगता. चहा घेतला नाही. पिशवीतून पुस्तक काढलं. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा, फौजेत नकाशावर करायचा तशा.

"सगळं वाचलंस?"

"दोनदा. पयल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा नीट." सातवं प्रकरण उघडलं आणि बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखं थांबत थांबत वाचलं — "खोळीखाली काय आहे ते मला माहीत नाही. ती काढण्याचा अधिकार माझा नाही, गावाचा आहे. तोवर हा माझा फक्त अंदाज."

पुस्तक मिटलं. "आक्का, ज्यानं चार वर्सं घातली तो म्हणतोय मला ठाऊक न्हाई. मग तुला कुठनं ठाऊक झालं?"

आयुष्यभर हजारोंच्या सभा घेतल्या. प्रश्नकर्त्याला परत खाली बसवणं मला डाव्या हाताचं काम. आज मीच खाली बसले.

"मी बी न वाचताच बोंबललो," तोच पुढे म्हणाला. "ते माझं चुकलं. पर माझं ऐकणारं गाव केवढंसं? तुझं ऐकून पोरं पटाशी घिऊन गेली."

मग बेत सांगितला. चोरून कुणी फोडण्यापेक्षा गावाने उघडपणे, विधी करून खोळ उतरवायची. देवीला कौल लावायचा. उजवा आला तर जत्रेदिवशी, माघी पौर्णिमेला. दोन्ही गटांची पोरं समोर बसवायची, भरतेशला मानानं बोलवायचं. जे निघेल ते गावाचं.

"उत्तम! मी येते, चार शब्द—"

"न्हाई. तू यायचं न्हाईस."

"का?"

"तू बोलाय लागलीस की लोकांस्नी डोळ्यानं दिसायचं बंद हुतंय गं. त्या दिवशी त्यांस्नी बघू दे."

चहा न घेताच गेला. कप तसाच साय धरून.

२५ जानेवारी, रविवार

चिडले, स्वयंपाक केला नाही, दिवसभर घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. मलाच गावबंदी! माझ्याच आईच्या देवीची!

संध्याकाळी स्वतःचाच तो तुकडा मोबाईलवर ऐकला. आवाज काय लागला होता! वाक्य काय फेकलं होतं! आणि त्यात कुठेही 'अंदाज' नव्हता. पुस्तकातला सगळ्यात धीट शब्द तोच होता, आणि तोच मी गाळला. ब्लेडही लागलं नाही.

पुण्याचं, कोल्हापूरचं, तिन्ही निमंत्रणं परत केली.

२७ जानेवारी, मंगळवार

गुंडाने कौल लावला. भिजवून चिकटवलेल्या दोन फुलांतलं उजवं पडलं. भरतेशने कळवलं. त्यालाही भीती वाटतेय — "बाई, वेगळंच काही निघालं तर?"

"तर तसं छापायचं," म्हटलं. "आणि मी तसं बोलणार. ज्या वखारीत बोलले त्याच वखारीत."

हे बोलताना आवाज चढवला नाही. चढवावा लागला नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

दोन भाषणं लिहून ठेवलीत. साध्वी निघाली तर एक. देवी निघाली तर दुसरं. दुसऱ्यावर जास्त मेहनत घेतली. कोणतंही द्यावं लागो, मागे हटणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. माघी पौर्णिमा

सकाळपासून फोन समोर ठेवून बसले होते. दुपार टळताना वाजला. मागे हलगी, गलका, कुणीतरी रडतंय का हसतंय कळेना.

"आक्का! देवी न्हाई. भरतेशची साध्वी बी न्हाई."

"मग?"

"वर त्यो तिहेरी छत्रीवाला हाय, भरतेश म्हणतोय ते खरं हाय. पर त्याच्या खाली... हातात ढाल, तलवार. मागं गाई. खाली त्योच पडलाय, लढून. शिपाई हाय आक्का! जैन शिपाई, आपल्या गावची गुरं राखताना मेलेला!"

मागून भरतेश ओरडत होता, "बाई, सातवं प्रकरण सगळं नव्यानं!" — इतका मोठा आवाज त्याला आहे हे मला माहीतच नव्हतं.

फोन परत कृष्णातकडे गेला. "समद्या पेन्शनरांनी टाचा जुळवल्या बघ. कुणी सांगितलं न्हाई." मग म्हणाला, "ये जेवायला. दिवस मावळायच्या आत. उशीर त्याला चालत न्हाई."

दोन्ही भाषणं फाडली. दिवस अजून वर आहे. निघाले.