पडलेल्यांना सोडू नका

२ नोव्हेंबर, रविवार
परभणीहून सामान नीट पोचलं, एक कुंडीसुद्धा फुटली नाही. छावणीतलं हे घर मला फार आवडलं. वर माझी खोली, खाली घरमालक विश्वजीतकाका आणि रत्नमालाकाकू. काका तोफखान्यातून निवृत्त झालेले. काकूंनी आल्याआल्या भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. “सुलेखा, लाजायचं नाय,” म्हणाल्या. उद्यापासून कॉलेजात शिकवायला जायचं.

जेवणानंतर काकांनी मागची खोली दाखवली. टेबल टेनिसच्या टेबलावर असईची लढाई मांडलेली. इथून जवळच, भोकरदनकडं, १८०३ साली मराठे आणि इंग्रज लढले ती. केळणा नदी निळ्या कागदाची. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, काकांनीच रंगवलेले. फासे टाकून लढाई पुन्हा खेळायची. जोडीदार मिळत नाही म्हणाले. मी लगेच हो म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार
पहिला डाव. मराठ्यांच्या तोफा काकांकडं, इंग्रजांची लाल डगल्यांची पलटण माझ्याकडं. निम्मी माणसं गमावून मी तोफांपर्यंत पोचले. काकांनी तोफा डागणारे गोलंदाज आडवे केले, पण उचलले नाहीत. म्हणाले, खऱ्या लढाईतही काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. पलटण पुढं गेल्यावर उठले आणि मागून तोफा डागल्या. पडलेल्यांत कोण मेला, कोण जखमी, कोण उठणार, ते फासा ठरवतो. त्यांचा फासा चांगला पडला. मी हरले. दिवसभर तेच डोक्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुसरा डाव. पुन्हा तोफांपर्यंत पोचले. काकांनी विचारलं, पडलेल्यांचं काय करायचं. त्यात जखमी आहेत, असंही म्हणाले. मला जिंकायचं होतं. मी हसत, पण हुकमासारखं मोठ्यानं म्हटलं, “एकेकाला संगीन खुपसा. पडलेला एकही सोडू नका.”

काकांनी फासे खाली ठेवले. गोलंदाज एकेक करून डब्यात भरले. मी जिंकले. जेवताना अर्धी भाकरी ताटात टाकून उठले. हरल्याचं वाईट वाटलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

१७ नोव्हेंबर
काका दुपारी झोपले होते, ओरडत उठले. बरगडीवर टाचणी टोचल्यासारखा रक्ताचा ठिपका. ढेकूण असेल म्हणून काकूंनी गादी उन्हात टाकली.

१८ नोव्हेंबर
टेबलावर माझी पलटण नाही. नदी आहे, तोफा आहेत. लाल डगलेवाला एकही नाही.

काका ताठ पडून आहेत, डोळे उघडे. पाठीवर, मांडीवर ठिपकेच ठिपके. डॉक्टरांना काही सापडलं नाही. काकांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, “पोरी, कुणी विचारलं तर म्हण, म्हातारा मेला.”

मेल्याचं सोंग घेतायत. पण मी तर पडलेला एकही सोडू नका म्हटलं होतं. काकूंना हे सांगायचं धाडस झालं नाही.

१९ नोव्हेंबर
टेबलासमोर उभं राहून हुकूम मागं घेतला. थांबा म्हटलं. हात जोडले. काकांच्या खाटेखाली बारीक पावलं वाजतच राहिली.

काकूंनाही टोचलं. मग सगळं सांगितलं त्यांना. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, “तुझी माणसं हायेत ना? मग तूच बघ.”

काकांना उठवून खुर्चीत बसवलं. टोचणं थांबलं. बसलेल्याला ते शिवत नाहीत.

२० नोव्हेंबर
काकांना शहागंजला काकूंच्या भावाकडं नेलं. तिथं पाठ टेकली, तर तिथंही — परत आणलं.

तिघंही बसून. काकांची मान कलते, काकू हनुवटी धरून सावरतात. माणूस किती बसेल असं? त्यांच्याकडं बघवत नाही.

हुकूम माझा होता.

२० — संध्याकाळ
वर माझ्या खोलीत चटई अंथरली. दार उघडं ठेवलंय. आडवी पडूनच लिहितेय. त्यांनी माझ्याकडं यावं. माझं झालं की कदाचित —

जिन्यावर बूट. बारीक, पण एका ठेक्यात.

घोट्याला —

ओरडायचं नाही.

खाली काकूंचा आवाज. काकांना सांगतायत, पावलं थांबली, आता जरा पाठ टेका. काकू नको — अजून सगळे वर नाही आ —